नंबरताईंना लस कशी मिळाली

म्हाताऱ्या माणसांची कदर करण्याचे दोन प्रकार आहेत. एक, त्यांना बसायला खुर्ची देणे. दुसरा, त्यांच्यासाठी योजना जाहीर करणे. पहिल्या प्रकाराला खुर्ची लागते, दुसऱ्याला नुसता माइक पुरतो. साथीच्या दुसऱ्या वर्षी सगळ्या थोरामोठ्यांनी दुसरा प्रकार पसंत केला, हे सांगायला ज्योतिषी नको. ज्येष्ठांना लस आधी, अशी घोषणा झाली. ती कशी मिळवायची हे एका संकेतस्थळावर, डोळ्यांत तेल घालूनही वाचता येणार नाही अशा अक्षरांत, लिहून ठेवण्यात आले. आणि आपले कर्तव्य पार पडले असे समजून सगळे हात धुऊन मोकळे झाले. हात धुण्याचेच दिवस होते ते.

ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता त्या ज्येष्ठांपैकी एक म्हणजे नंबरताई. त्यांचे खरे नाव गल्लीत कोणाला ठाऊक नव्हते. उभी हयात त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डासमोर काढली होती: कानाला हेडफोन, हातात लाइन जोडायच्या दोऱ्या, आणि तोंडी एकच वाक्य, ‘लाइन जोडली आहे, बोला.’ ते वाक्य संपताच आपल्याकडची ऐकायची चावी मिटायची आणि आपण त्या संभाषणातून नाहीसे व्हायचे, हा त्या धंद्याचा धर्म. दोन माणसे बोलत असताना तिसऱ्याचा श्वासही त्यांना ऐकू जाता कामा नये. पुढे यंत्रे आली, बोर्ड भंगारात गेला, ताई निवृत्त झाल्या. घरात मात्र तारेचा फोन त्यांनी हट्टाने ठेवला होता. ‘खिशातल्या फोनवर बोलणारा माणूस चालत बोलतो,’ असे त्या म्हणत, ‘आणि चालत बोलणाऱ्याचं लक्ष ना रस्त्यावर असतं ना बोलण्यावर.’

त्यांना लस हवी होती ती जगण्याच्या हव्यासापोटी नव्हे. मरणाची त्यांना फारशी पर्वा नव्हती. त्यांना पर्वा होती डावीची.

डावी म्हणजे बोर्डावर त्यांच्या डाव्या हाताला बसणारी मैत्रीण. ती यांना ‘उजवे’ म्हणे. नोकरी सुटली तरी ही नावे सुटली नाहीत. डावीचा नवरा गेला, मूलबाळ नव्हते, तेव्हा ती गावाच्या टोकाला असलेल्या वृद्धाश्रमात राहायला गेली, आणि दर आठवड्याला ताई तिला भेटायला जाऊ लागल्या. साथ आली आणि आश्रमाचे फाटक बंद झाले. एरवी काही बिघडले नसते, फोन होताच की. पण जन्मभर दुसऱ्यांचे आवाज ऐकता ऐकता डावीचे कान निकामी झाले होते. दोन टेलिफोनवाल्या, आणि एकमेकींशी फोनवर बोलायची सोय नाही! सूनबाईने एकदा व्हिडिओ कॉल लावून दिला. आश्रमाच्या मेट्रनबाईंनी पलीकडे फोन असा काही धरला, की ताईंना सबंध वेळ डावीचे कपाळ तेवढे दिसत राहिले. ‘कपाळ बरं आहे तिचं,’ एवढेच ताई त्यावर म्हणाल्या, पण रात्री जेवल्या नाहीत.

मग आश्रमाचा नवा नियम आला. लसीचा एक डोस घेतलेल्यांना खिडकीशी भेटता येईल, दोन्ही डोस घेतलेल्यांना खोलीत. नियम ऐकल्यापासून ताईंनी एकच ध्यास घेतला.

मुलगा म्हणाला, “आई, तू चिंता करू नकोस. मी बुक करतो. पाच मिनिटांचं काम आहे.” मुलगा घरातूनच ऑफिस करत होता आणि जगातली सगळी कामे पाच मिनिटांची असतात अशी त्याची श्रद्धा होती.

संकेतस्थळ सकाळी उघडत असे, आणि तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशा तिथल्या वेळा चर्र करून नाहीशा होत. त्यातूनही एखादी वेळ सापडलीच, तर आपण माणूस आहोत, यंत्र नव्हे, हे सिद्ध करण्याचे फर्मान येई. सत्तरी ओलांडलेल्या बाईला तिच्या माणूसपणाचा पुरावा कोण मागत होते? तर एक यंत्र! या व्यवस्थेची कल्पना ज्या डोक्यातून निघाली, त्या डोक्याला कोणी काही पुरावा मागितल्याचे ऐकिवात नाही. पुरावा म्हणजे तरी काय, चित्रांत सायकली ओळखायच्या.

“ह्या कोपऱ्यात नुसतं हँडल दिसतंय,” ताई चष्मा पुसत म्हणाल्या. “ही सायकल धरायची का रे?”

“धर धर, आई, लवकर!”

“पण बाकीची सायकल कुठाय? हँडल तर ढकलगाडीलाही असतं.”

“गेली! आई, वेळ गेली!”

“जाऊ दे. ढकलगाडीच असणार ती.”

अखेर एकदा मुलाला वेळ मिळाली. ताई ठेवणीतली साडी नेसून केंद्रावर गेल्या. तिथे पहारेकरी फाटकावर ‘आज लस उपलब्ध नाही’ असा फलक टांगत होता. वेळ रद्द झाल्याचा संदेश मुलाच्या फोनवर आला तो घरी परतल्यावर.

“मग उद्या येऊ का?” ताईंनी फाटकाशीच विचारले होते.

“या की.”

“उद्या मिळेल?”

“मावशी, मी ‘या’ म्हणालो. ‘मिळेल’ कुठं म्हणालो?”

मला वाटते, त्या सबंध यंत्रणेत खरे बोलणारा तेवढा एकच माणूस होता, आणि त्याला फाटकाबाहेर उभे केले होते.

ताई घरी आल्या, साडी घडी घालून ठेवली आणि म्हणाल्या, “आता तुमची सायकल-बियकल पुरे. मी फोन लावते.”

मदत केंद्राचा क्रमांक वर्तमानपत्रात होता. ताईंनी तो फिरवला. रेकॉर्ड केलेल्या बाईने हे दाबा, ते दाबा अशी आज्ञावली वाचली, मग ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असे सांगून संगीत लावले. जी गोष्ट महत्त्वाची असते ती पुनःपुन्हा सांगावी लागत नाही, हे त्या बाईला कोणी शिकवलेले दिसले नाही. ताईंची मात्र काही तक्रार नव्हती. रिसीव्हर खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून त्या मटार सोलत बसल्या.

“आवाज चांगला आहे हो हिचा,” त्या सूनबाईला म्हणाल्या. “पण दमतच नाही. हे काही खरं नव्हे.”

“अहो आई, मशीन आहे ते.”

“माहीत आहे गं. म्हणून तर म्हणते.”

पहिल्या दिवशी मटार संपले, दुसऱ्या दिवशी पालेभाजी निवडून झाली, पण संगीत संपले नाही. तिसऱ्या दिवशी ताईंचा डोळा लागत आला होता. इतक्यात संगीत थांबले, खट्ट आवाज झाला आणि एका जिवंत मुलीचा आवाज आला, “नमस्कार, लसीकरण मदत केंद्र.”

ताईंचा पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. आवाज खणखणीत झाला. त्या म्हणाल्या, “लाइन जोडली आहे, बोला.”

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

 शेजारी मास्क शिवत बसलेल्या सूनबाईच्या हातातली कात्री हातातच राहिली.

“आई... कोण होतं?”

“मदत केंद्र.”

“मग?”

“मग काय? जोडून दिलं.”

“कोणाला?”

ताईंनी रिसीव्हरकडे पाहिले. मग सुनेकडे पाहिले. “अगो बाई!” त्या म्हणाल्या, आणि त्यांना जे हसू फुटले ते आवरेना. सूनही तोंडाला पदर लावून खिदळू लागली. आवाज ऐकून मुलगा गळ्यात हेडफोन लोंबकळत असतानाच मीटिंग सोडून बाहेर आला आणि सगळी हकिगत ऐकून मटकन खाली बसला.

“आई, तीन दिवस! तीन दिवस थांबलीस, आणि शेवटी स्वतःलाच कापलंस?”

“सवय रे. तोंडातून गेलं.” हसता हसता ताईंनी डोळे पुसले. मग पुसतच राहिल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर ते कपाळ आले असावे. आता पुन्हा पहिल्यापासून संगीत. आणि डावी काही दिवसेंदिवस तरुण होत नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. ताईंनी सवयीप्रमाणे तो पहिल्याच घंटेला उचलला.

“मॅडम,” पलीकडून मघाच्याच मुलीचा आवाज आला, आता चांगलाच कापरा. “मॅडम, मघाशी कॉल कट झाला. माझं काही चुकलं का? मी लगेच उचलला होता, खरंच.”

“मॅडम? कोण मॅडम?”

“तुम्ही मुख्य ऑफिसातून तपासणीसाठी केला होता ना? असं इतकं स्वच्छ कोणी बोलतच नाही आम्हाला. सगळे ओरडतात नाहीतर रडतात. स्क्रीनवर नंबर दिसला म्हणून परत लावला. रिपोर्टमध्ये लिहू नका ना, मॅडम. मी नवीन आहे.”

फोनचा आवाज मोठा होता. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येत होते. मुलगा ताडकन उठला. ताईंसमोर उभा राहून त्याने हात जोडले, मान जोरजोराने हलवली आणि ओठांनीच सांगितले: ‘हो म्हण! नुसतं हो म्हण!’

एका शब्दाचे काम होते. तो शब्द उच्चारला असता तर मुलीने काय वाटेल ते शोधून दिले असते. बड्यांच्या तपासणीला भिऊन जे हलते, ते जनतेच्या विनवणीने कधी हलल्याचे मी तरी पाहिलेले नाही. ताईंनाही हे कळत नव्हते असे नाही. एक्स्चेंजमध्ये त्यांच्याही पाठीमागे सुपरवायझर येऊन उभी राहत असे. पाठीला फुटणारा तो घाम त्या विसरल्या नव्हत्या.

“नाही गं पोरी,” ताई म्हणाल्या. “कसली मॅडम नि कसलं काय. मी एक म्हातारी आहे. जुनी टेलिफोन ऑपरेटर. तुझा आवाज आला आणि जुन्या सवयीनं तुला जोडून दिलं.”

मुलाने कपाळावर हात मारून घेतला.

 पलीकडून खुदकन हसल्याचा आवाज आला, मग तो वाढत गेला. “आजी! जीवच घेतलात हो माझा!”

“अगं, मला तुझ्याकडून लस घ्यायची आहे. जीव घेऊन काय करू? आणि तुझा घसा बसलाय. पाणी पी आधी.”

“कॉल चालू असताना चालत नाही, आजी.”

“मी आहे ना लाइनवर. तुला कोण विचारतंय? पी तू.”

पाण्याचे घोट स्पष्ट ऐकू आले. मुलाने सुनेकडे पाहिले. सुनेने त्याला हातानेच खाली बसवले.

“हं. बोला, आजी. कशासाठी केला होता?”

ताईंनी सांगितले. वेळ कशी मिळाली आणि कशी गेली, हे दोन वाक्यांत सांगितले. डावीबद्दल मात्र जरा जास्त सांगितले. कळफलक वाजत राहिला. “या आठवड्यात काहीच नाही, आजी,” मुलगी म्हणाली. ताईंनी “बरं” म्हटले. त्या “बरं”मध्ये तक्रार नव्हती. माझ्याकडून तरी तसे म्हणवले नसते.

“थांबा थांबा, फोन ठेवू नका! पुन्हा जोडून देऊ नका मला! आत्ताच कोणीतरी रद्द केली. उद्या सकाळी, शाळेच्या हॉलमध्ये. चालेल?”

“पळेल!” नंबरताई म्हणाल्या.

शाळेच्या हॉलमधल्या बाकांवर म्हातारी माणसे शिस्तीने अंतर ठेवून बसली होती. नर्स म्हणाली, “आजी, दंड सैल सोडा.” ताई म्हणाल्या, “सैलच आहे गं, कातडंच उरलंय.” सुई केव्हा टोचली ते कळलेही नाही. अर्धा तास बसवून ठेवले तेवढा मात्र त्यांना सबंध साथीपेक्षा लांब वाटला. तो संपताच त्या बाहेर गाडीत मुलाच्या शेजारी जाऊन बसल्या. “घरी?” मुलाने विचारले. ताईंनी त्याच्याकडे नुसते पाहिले. मुलाने गाडी गावाच्या टोकाकडे वळवली.

आश्रमाच्या बागेकडच्या खिडकीला जाड काच बसवली होती. आत मेट्रनबाईंनी डावीला धरून खुर्चीत आणून बसवले. डावी वाळली होती. तिच्या तोंडावर मास्क, ताईंच्या तोंडावर मास्क, मध्ये काच, आणि तिच्या कानांत शांतता. मास्क काढायला परवानगी नव्हती, म्हणजे ओठांवरून कळायचीही सोय संपली. मेट्रनबाई डावीच्या कानाशी ओरडल्या, “मैत्रीण आलीय तुमची!” डावीने मान हलवली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एवढा आटापिटा करून ताईंना पुन्हा कपाळच दिसत होते. या खेपेला त्याखाली डोळे होते, एवढीच प्रगती.

मग डावीने उजवा हात वर केला, दोन बोटे आपल्या खांद्यावर टेकवली आणि डोळ्यांनी पाठीमागच्या मेट्रनबाईंकडे खूण केली.

नंबरताई खुदकन हसल्या. बोर्डावर तोंड गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेले असे, म्हणून सगळ्या जणी आपापसात हातांनी बोलत. खांद्यावर दोन बोटे म्हणजे ‘सुपरवायझर मागे आहे, जपून.’ नाकाच्या शेंड्याला अंगठा म्हणजे गिऱ्हाईक चिडके. पोटावर तळहात म्हणजे चहाला जाऊ. निवृत्तीनंतर या खुणांची कधी गरजच पडली नव्हती. भेटल्या की तोंडेच इतकी चालत, की हातांना वावच मिळत नसे.

ताईंनी पिशवी खाली ठेवली आणि हात मोकळे केले. लस कशी मिळाली ती कथा त्यांनी पहिल्यापासून सुरू केली. ‘लाइन जोडली’ ही खूण करून त्यांनी स्वतःच्याच छातीकडे बोट दाखवले आणि चावी मिटून दाखवली, तेव्हा डावी खुर्चीत अशी गदगदा हलू लागली, की मेट्रनबाई घाबरून पाण्याचा पेला घेऊन आल्या. मग डावीची पाळी आली. शेजारच्या खाटेवरची बाई, पाणचट चहा, घोरणारे आजोबा: वर्षभराचे साठलेले सगळे तिने हातांनी बाहेर काढले. नाकाच्या शेंड्याकडे तर तिचा अंगठा इतक्या वेळा गेला, की तिथे नक्की किती चिडकी माणसे राहतात याचा हिशेब ताईंना लागेना.

फाटकाशी मुलाने हॉर्न वाजवला. थोड्या वेळाने पुन्हा वाजवला, जरा लांब. त्याची मीटिंग असावी. खिडकीशी कोणी हलले नाही. एकीला तो ऐकू येत नव्हता, आणि दुसरीला ऐकायचा नव्हता.