सात नंबरचा बटाटा

निकासिया कोरिमान्या रागीट नव्हती, खुनशी होती. राग निवतो तरी. पिसाक गावाच्या वरच्या अंगाला आमचं बटाटा संशोधन केंद्र आहे. तिथे आम्ही दोघी एकाच टेबलावर आकडेमोड करायचो, म्हणून मला ठाऊक.

आमच्या फाइलमध्ये दर वाणाचा एक कॉलम, आणि कॉलमला गावातलं नाव: ‘पुमाचा पंजा’, ‘काळ्या लामाचं नाक’, ‘सुनेला रडवणारा’. वाण निकासियाच्या आईने, एउफेमियाबाईंनी दिलेले. नावंही त्यांनीच सांगितलेली. लिमाहून आलेल्या डॉक्टर अर्रुनातेगींच्या प्रोग्रामने फाइल आत घेताना मोकळ्या जागा दिसतील तिथे नावांचे तुकडे पाडले आणि सगळे कॉलम सरकले. प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली असती तर नावं जशीच्या तशी आली असती. निकासिया ते सांगायला उठलीसुद्धा.

“बस खाली,” डॉक्टर म्हणाले. “ही काय नावं आहेत? अंगाईगीत लिहितेस का?”

आणि तिथेच बसलेल्या एउफेमियाबाईंच्या देखत त्यांनी नावांची ओळच पुसून टाकली. प्रोग्रामने आपले नंबर दिले. अहवालात सात नंबर पहिला आला. बाईंचा उल्लेखही नव्हता. म्हातारी शाल सावरून निघून गेली. त्या दिवसापासून निकासियाला एकच हवं होतं: या माणसाची आईसमोर नाचक्की.

काढणीच्या सणाला पाहुणे जमले. डॉक्टरांना सात नंबर दाखवायचा होता, आणि वाफ्यांवर तर पाट्याच नव्हत्या; नावं बायकांना तोंडपाठ.

“यातला सात कुठला गं?” त्यांनी हळूच विचारलं.

खरा सात शेजारीच होता, गुळगुळीत. निकासियाने बोट दाखवलं ते गाठीगाठींच्या ‘सुनेला रडवणारा’कडे. मी पाहिलं आणि गप्प बसले. मनात उकळ्या फुटत होत्या.

डॉक्टरांनी बटाटा उंच धरला. “लिमाच्या स्वयंपाकघरांसाठी याच्यासारखा वाण नाही!”

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आमच्याकडे होणाऱ्या सुनेच्या हातात हाच बटाटा देतात. नीट सोलला तरच ती घरात. एउफेमियाबाईंनी सुरी पुढे केली.

“सोलून दाखव की, लेकरा.”

पाहुण्यांपुढे नाही कसं म्हणणार? सालीपेक्षा बटाटाच जास्त खाली पडत होता. अंगठा कापला. शेवटी हातात गोटीएवढा तुकडा उरला.

“हा काही सासरी नांदायचा नाही!” कुणीतरी ओरडलं. सगळं शेत हसलं, मी सगळ्यांत मोठ्याने.

डॉक्टर लालबुंद झाले. “बाई, याचं नाव तरी काय?”

एउफेमियाबाईंनी सुरी परत घेतली.

“नाव माझ्यासमोर पुसलंस ना? आता नंबरालाच विचार.”