शिंदेकाकांनी नाकारलेला ड्रॉ

रविवार होता, कोल्हापुरातल्या एका हॉलमध्ये बुद्धिबळाची ओपन टूर्नामेंट होती आणि मला सातवा महिना चालू होता... नव्वदचं दशक संपत आलेलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "जाऊन ये, पण दमू नकोस बाई."

पहिल्याच राउंडला समोरच्या गृहस्थांनी डाव रंगायच्या आतच ड्रॉ ऑफर केला. "ताई, कशाला त्रास घेताय? आराम करा." मी हो म्हटलं खरं, पण अर्धा पॉइंट मिळूनही रडू येत होतं... इतकी बिचारी दिसत होते मी?

म्हणून शेवटच्या राउंडला ठरवलं, आता धडाक्यात खेळायचं. समोर शिंदेकाका होते. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर आणि पटावर भलतेच चिवट.

मी किंग्ज गॅम्बिट काढला... म्हणजे दुसऱ्याच चालीला राजाजवळचं प्यादं देऊन टाकायचं आणि हल्ला चढवायचा. पुढे घोडाही दिला. शेजारच्या टेबलवरचे लोक उठून बघायला आले.

काका मात्र थंड. एकेक वार परतवत गेले आणि माझा हल्ला विझला. पाठ भरून आली होती, बाळ आतून लाथा मारत होतं... शेवटी मीच हळूच विचारलं, "काका, ड्रॉ?"

त्यांनी मानही वर केली नाही. "न्हाय. खेळूया की."

असा राग आला म्हणून सांगू! पण त्या रागानेच डोकं जागं झालं. हत्ती देऊन वजीर आत घुसवला आणि दिसलं... इकडून शह, तिकडून शह. त्यांच्या राजाला सुटका नाही, मला मात करता येत नाही. तीच पोझिशन तिसऱ्यांदा आली, म्हणजे नियमाने डाव ड्रॉ!

"मघाशी का नाही घेतलात?" मी विचारलं.

"जिंकत हुतो की मी!" सगळा हॉल वळून बघायला लागला. "आन् तू काय आजारी हाईस व्हय? खेळाय आलीयास न्हवं?"

त्या दिवसांत जो तो माझ्या हातातून बादली काढून घ्यायचा, पुढे खुर्ची सरकवायचा... प्रेमानेच. पण मी खेळायला आले आहे, हे फक्त काकांनी ओळखलं.

काका आता मुलाकडे पुण्याला असतात, फेसबुकवर नाहीत. त्यांच्या ओळखीचं कुणी हे वाचत असेल तर एवढं सांगा... पुढे कित्येक वर्षं मला टूर्नामेंट जमली नाही, पण तो ड्रॉ पुरला.