चूलबंद आवतन

आमच्या चांद्याच्या नव्या कॉलेजात इमारत अर्धी होती, मैदान नव्हतंच, पण पुस्तकं मात्र रगड. एका निपुत्रिक वकिलानं मरताना आपली सगळी कपाटं देऊन टाकली होती. त्यामुळे आमची मुलं जाडजूड पुस्तकं काखेत मारून हिंडत आणि पाणी पितानाही वाद घालत. दर शनिवारी संध्याकाळी बोर्डिंगात त्यांची 'पार्टी' भरे. पार्टी म्हणजे काय, तर एकानं निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्याची सालटी काढायची आणि वर चहा-बिस्किटं. एवढ्यावर ती मुलं स्वतःला फार बिघडलेली समजत.

मला त्या पार्टीत जायचं होतं. वर्गात मुली आम्ही दोघीच. दुसरीचं लग्न ठरलेलं, तिला वादाची हौस उरली नव्हती. मी निबंधही लिहून ठेवला होता, 'बायकांना वाचायला वेळ का मिळत नाही'. बाबांनी दोन वाक्यांत विषय मिटवला. "कॉलेजात जा, घरी ये. बोर्डिंगात आपल्या घरची पोरगी जात नाई."

बाबांपुढे घरात कुणाची बोलायची टाप नव्हती. जेवायला बसले की पहिला घास घेऊन ते आईला जाब विचारत, "भात करपला काऊन?" भात करपलेला नसायचा. तरी आई खाली बघायची.

पार्टीचा सेक्रेटरी नागभीडकडच्या धानाच्या गावातला. एका शनिवारी सकाळी तो मला बोलवायला आला, तर दारात बाबा. त्याच्या गावच्या रीतीनं घरातल्या एकट्या पोरीला बोलावणं म्हणजे अख्ख्या घराचा अपमान. त्यानं हात जोडले. "काकाजी, आज बोर्डिंगात तुमच्या घराला चूलबंद आवतन आहे."

चूलबंद म्हणजे लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या वेळी घरात चूल पेटवायची नाही. असं आवतन मोडणं म्हणजे वैर घेणं. बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "येतो."

संध्याकाळी आमची वरात निघाली. बाबा, आई, काका-काकू, त्यांची पोरं आणि सगळ्यांच्या पुढे पाण्याचा गडवा घेऊन आत्या. पोटं सगळ्यांची रिकामी. बोर्डिंगात सतरंजी अंथरलेली, मांडलेल्या कपबश्या आणि एक ताटली बिस्किटं. ती ताटली काकांच्या पोरांनी बसायच्या आधीच साफ केली. आत्यानं इकडंतिकडं बघून विचारलं, "पत्रावळी कधी मांडता जी?"

सेक्रेटरीचं तोंड उतरलं. रीत त्यानं बरोबर पाळली होती. रीतीत भात असतो एवढंच विसरला होता. माझ्याजवळून जाताना पुटपुटला, "भात टाकतो. शिजेपर्यंत तुमी बोलत राहा." आणि स्वयंपाकघराकडे पळाला.

निबंध दोन पानांचा. त्यातून तो बाबांनी ऐकावा म्हणून मी लिहिलाच नव्हता. वाचला, संपला. आतून नुसता धूर येत होता. लाकडं ओली होती. मग मी कागद ठेवला आणि आमच्याच घरावर आले. वर्तमानपत्र बाबा वाचतात, मग काका, मग ते लोणच्याच्या बरण्यांखाली जातं, आणि आई ते महिन्यानं बरण्या पुसताना वाचते. बोलता बोलता "भात करपला काऊन" हेही तोंडातून निघून गेलं. मुलं हसली, बाबा हसले नाहीत. उद्यापासून कॉलेज बंद, हे मला स्वच्छ कळलं. पण थांबायची सोय नव्हती. समोर आई बसली होती. रिकामे हात कुठे ठेवावेत ते तिला समजत नव्हतं, पण तिनं मान वर ठेवली होती. मग मला भीती वाटेनाशी झाली.

शेवटी भात आला. बोर्डिंगातल्या मुलांनी आपल्या वाटचं जेवण आम्हांला वाढलं आणि स्वतः मुरमुऱ्यांवर रात्र काढली. बाबा जेवले. हात धुताना सेक्रेटरीला म्हणाले, "खाल्लेलं फेडा लागते. येत्या शनिवारी तुमची पार्टी आमच्या घरी." माझ्याशी मात्र ते आठवडाभर बोलले नाहीत. मी पुस्तकं आवरून कोनाड्यात ठेवली.

शनिवारी मुलं आली. आई चुलीकडे निघाली, तर बाबांनी तिला हटकलं. "राहू दे. भात पोट्टे टाकतीन. पोरगी काय म्हणते, आईक बसून." आत्यानं कपाळावर हात मारला.

त्या दिवशी वाद असा रंगला की चुलीपाशी बसलेला सेक्रेटरीही उठून त्यात पडला. पानं मांडली. बाबा पहिला घास घेऊन गप्प बसले. आई पंगतीत बसली होती. तिनं घास घेतला, सावकाश चावला आणि सेक्रेटरीकडे बघून विचारलं, "भात करपला काऊन?"

भात खरंच करपला होता.