थोरली सून बस चालवायला निघाली

“ही चव आपल्या घरची नाही, वहिनी.”

“मग कोणाच्या घरची? शेजारणीकडून उसनं आणून ओतलं का मी, वन्सं?”

“चेष्टा नको. शेवटाला कडू लागतंय. आईच्या हाताखाली असताना याचा शेवट गोडसर होता.”

“तुमच्या आईंना जाऊन एक तप झालं. तेव्हापासून हात माझेच आहेत. इतकी वर्षं बोटं चाटून खाल्लंत आणि आजच कडू लागलं?”

योंग-निमनं रांजणातला रस चाखलेला चमचा अंगणातल्या ओट्यावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. देगूहून पहाटेची बस पकडून ती आली होती ती भावजयीला अडवायला. पण पोचली तेव्हा फाटकाबाहेर बोक-हीचा निळा टेम्पो भरून तयार होता. हा तोच टेम्पो, ज्यातून बोक-ही दर हंगामात मिरच्यांची पोती बाजारात न्यायची. आज त्यात गाद्या, एक कपाट, दोन ट्रंका. भात शिजवायचं भांडं तेवढं तिनं पुढच्या सीटवर, आपल्या शेजारी ठेवलं होतं. नव्या घरात आधी भाताचं भांडं शिरतं, मग माणसं. एवढं तिनं पाळलं होतं. बाकी काही पाळायला ती तयार नव्हती.

“तिथी तरी बघितलीत का? आज भुतं दक्षिणेला असतात. अन् तुम्ही निघालात बुसानला. दक्षिणेला जाणाऱ्याच्या गाडीत चढतात ती.”

“चढू देत की. तिकीट काढायला लावीन.”

“तुम्हाला सगळ्याची थट्टाच सुचते.”

“सोमवारी बसच्या कामावर हजर व्हायचंय, वन्सं. भुतांच्या सोयीनं बस सुटत नाही.”

बोलता बोलता बोक-हीनं अंगण झाडायला घेतलं. सकाळपासून दुसऱ्यांदा. हातात काही नसलं की हल्ली तिला उभं राहता येत नसे.

या घरात ती थोरली सून होऊन आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. थोरली सून म्हणजे पितरांची स्वयंपाकीण. सासऱ्यांचं श्राद्ध, आजेसासऱ्यांचं, त्यांच्या दोन्ही बायकांचं, मग नव्या वर्षाचं पान, सुगीच्या सणाचं, चूसोकचं पान. एकाची भांडी घासून होतात तोवर दुसऱ्याचे मासे वाळत घालायची वेळ. आणि या सगळ्याच्या मुळाशी अंगणातल्या ओट्यावरच्या रांजणांमधला सगळ्यात जुना, काळा रांजण. त्यात सोयाबीनचा मुरलेला खारा रस, गानजांग. नवऱ्याच्या पणजीनं घातलेला. दरवर्षी नवा रस करायचा आणि विरजणासारखा जुन्यात मिसळायचा. चव तीच राहिली पाहिजे. चव फिरली की घर फिरलं, असं त्या मुलखात लहान पोरसुद्धा सांगेल. सासूनं मरताना सोनंनाणं दाखवलं नाही, रांजणाकडे बोट केलं.

रांजणाचे लाड तान्ह्या पोरासारखे. ऊन आलं की झाकण काढायचं, दव पडायच्या आत लावायचं, पाऊस आला तर हातातलं टाकून धावायचं. त्यामुळे बोक-ही कधी कुठं राहायला गेली नाही. धाकट्या जावा सहलीला जायच्या, मुलगा सुवॉनहून बोलवायचा. ती म्हणायची, “झाकणं कोण लावील?” आणि लोक म्हणायचे, “सून असावी तर अशी.”

मग नवऱ्याची फुप्फुसं बिघडली आणि त्याला बुसानच्या इस्पितळात ठेवावं लागलं. शेजारीण सुन-रे म्हणाली, “जा तू, रांजणांचं मी बघते.” बोक-हीनं बुसानमधल्याच योंगदोच्या डोंगरउतारावर एक खोली घेतली आणि रोज तिथून इस्पितळात जा-ये सुरू झाली. डोंगरावर चढायला छोटी हिरवी बस. गल्ली इतकी अरुंद की दोन्ही बाजूंचे वाळत घातलेले कपडे काचेला पुसून जायचे. बस चालवायची एक बाई. वय बोक-हीएवढंच, केस लालसर रंगवलेले, हातात पांढरे मोजे. आरशातून दरडावायची, “आजोबा, आधी बूड टेका, मगच गाडी हलेल. तुमचं हाड मोडलं तर सूप मी नाही करून घालणार.” आजोबा निमूट बसायचे. बोक-ही मुद्दाम पुढच्या सीटवर बसू लागली. नवरा मरणाच्या दारात आणि हिची नजर गिअरच्या दांड्यावर; तिचं तिलाच अपराधी वाटायचं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढचीच सीट.

नवरा गेला. ती गावी परतली, दुखवट्याचा काळ पाळला, रांजण पुसले. पण पाय काही एका जागी ठरेनात. जेवताना मध्येच उठायची. गावच्या थांब्यावर जाऊन बसायची, बस आली की उभी राहायची, चालक दार उघडायचा, आणि ही म्हणायची, “नाही, मी कोणाची तरी वाट बघतेय.” चालकानं एकदा विचारलं, “रोजच न येणारा हा कोण पाहुणा, मावशी?” त्या दिवशी ती घरी आली आणि आंदोंग शहरातल्या ड्रायव्हिंगच्या शिकवणीत फोन करून मोठ्या गाडीच्या परवान्याचं विचारलं.

गावाला सांगितलं, देवळात जाते. देवळात कोण अडवणार? टेम्पो शहराच्या कडेला लावायची आणि शिकवणीच्या भल्यामोठ्या बसमध्ये चढायची. वळणं जमली, मागं घेणं जमलं. चढ जमेना. चढावर गाडी थांबवायची, आणि पुन्हा निघताना मागं घसरू द्यायची नाही. दोनदा घसरली, दोनदा नापास. मुलाला कळलं तेव्हा तो म्हणाला, “तुला हवं ते कर, आई. फक्त आत्याला तू सांग.”

सांगितलं नाही. योंग-निमला काल दुसऱ्याच कोणाकडून कळलं, म्हणून तर आज हे अंगण.

“खरं सांगू का वन्सं, चव फिरलीये,” बोक-ही झाडू थांबवून म्हणाली. “तुमची जीभ चुकत नाही. पाणी गेलं आत. पावसाचं.”

योंग-निमचा चेहरा उतरला. जिंकल्यासारखं तिला काही वाटलेलं दिसलं नाही. “कधी?”

“परीक्षेच्या दिवशी. तिसऱ्या. सकाळी लख्ख ऊन होतं, झाकणं काढून गेले. तिथं नंबराची वाट बघत बसले होते आणि डोंगराकडून काळं आभाळ आलं.”

“मग परत नाही निघालात?”

“माझ्या पुढं एकच जण होता.”

“सुन-रेला फोन करायचात. दोन घरं सोडून राहते ती बाई. धावत गेली असती.”

“फोन हातातच होता.”

“मग?”

“मग काय. लावला नाही. खिशात टाकला.”

नंबर पुकारला गेला. तिनं बस चढावर नेली, थांबवली. काचेवर पाण्याचे लोट, वायपर सपासप, आणि डोळ्यांपुढं उघडे रांजण. तिनं ब्रेक सोडला, बस इंचभरही मागं न जाता वर चढली. ती पास झाली. घरी आली तेव्हा झाकणं लावायला फार उशीर झाला होता. आठवड्यात पांढरी बुरशी धरली. तिनं ती काढली, रस उकळला, कोळसा टाकला, सुक्या मिरच्या टाकल्या, मीठ वाढवलं. बाकी सगळं सावरलं. शेवटाचा कडवटपणा तेवढा राहिला.

“पणजीपासूनचं होतं ते,” योंग-निम हळू आवाजात म्हणाली.

“हो.”

“तू मुद्दाम केलंस.” इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा वहिनीला ‘तू’ म्हणाली.

“मुद्दाम नाही. पण धावलेही नाही.”

“तुला लाज नाही वाटली?”

“वाटली की. लाज वाटली, अन् पासही झाले. दोन्ही.”

योंग-निम ओट्याच्या कडेवर बसली. मग बोलली ते रांजणाबद्दल नव्हतंच.

“नवऱ्याशी भांडले की मी कुठं यायचे?”

“इथं.”

“तुम्ही काही विचारायचा नाहीत. ताट वाढायचात, वर म्हणायचात, वन्सं, मुळ्याची किमची कालच घातलीये. दोन दिवसांनी मी आपली आपण परत जायचे. आईच्या मागंसुद्धा माझं माहेर होतं ते तुमच्यामुळं. तेव्हा नाही कधी पायात वळवळ झाली तुमच्या?”

“तेव्हाच जास्त व्हायची.”

“म्हणजे?”

“तुम्ही दारात दिसलात की वाटायचं, हिला निघता तरी येतं. रुसून का होईना, बस पकडता येते. मी रुसले असते तर कुठली बस पकडणार होते? माझ्या माहेरावर धरणाचं पाणी आहे, वन्सं. घर, अंगण, रांजण, सगळं खाली. मासेच नांदतात तिथं.”

योंग-निमनं तळव्यांनी तोंड पुसलं. बोक-हीनं स्वयंपाकघरातून बाटली आणली, त्यात पळीनं काळा रस भरला, बूच घट्ट लावून ननंदेपुढं धरली. “मटणाच्या सुपात टाका. कडू कळणार नाही.”

“माझ्या चौदाव्या मजल्यावर कुठं याला ऊन दाखवू?”

“दाखवू नका. खाऊन संपवा.”

“संपवायचं नसतं हे.”

“ठाऊक आहे.”

बाटली दोघींच्या मध्ये ओट्यावर राहिली. बाहेर सुन-रेच्या कुत्र्यानं टेम्पोभोवती एक चक्कर मारली आणि चाकाशी पाय वर केला. बोक-हीनं घराची किल्ली काढून ननंदेच्या मांडीवर ठेवली आणि पायरीवर बसून बूट चढवायला लागली.

“पितरांचं सोडा,” योंग-निम किल्लीकडे बघत म्हणाली. “पितर जातील सुवॉनला नातवाकडं, नाहीतर राहतील उपाशी. सणाला तुमची तिथं ड्यूटी असणार, तेही कळतं मला. मला एवढंच सांगा, वहिनी, चूसोकला मी कुठं येऊ?”

बोक-हीनं बुटांच्या टाचा वर ओढल्या, उठली आणि फाटकाबाहेर पडली.