दोन वल्ही आणि पाण्याखालची शाळा

उजवा खांदा रोज कुरकुरायला लागला तेव्हा ठरवलं: धरणात बुडालेल्या आपल्या शाळेवरून या हिवाळ्यात एकदा एकट्यानं होडी न्यायची. नाही जमलं, तर होडी देऊन टाकायची. होडी म्हणजे कॅनो, अरुंद, दोघांपुरती. मुलगा परदेशी जाताना ठेवून गेलेला. सोबत दोन वल्ही. एकाचा दांडा सरळ, दुसऱ्याचा पात्याशी वाकलेला. कुठलं न्यावं?

"दोनी घ्या की. त्यास्नी काय भाकरी घालायचीय?" बारामतीचा दोस्त रशीद म्हणाला. त्याचं हार्डवेअरचं दुकान. पिकअप घेऊन तो पहाटेच कोऱ्हाळ्यात माझ्या दारात हजर. "पर मी काठावरच बसनार. मला पवता येत न्हाय."

निघायचं तर असंच लवकर निघा; नंतर बारामतीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगावं लागतं. शेळगावात मिसळ खाल्ली, तिखट आणि स्वस्त. इंदापूर सोडल्यावर शेवटचा तुकडा मातीचा. पाणी दिसेपर्यंत माझी कंबर मोडली होती.

आधी वाकडं वल्हं घेतलं. दहा हातांत खांदा पेटला. काठावर जाळं विणणारा कोळी हसला, "आबा, पानी उपसताय का होडी म्होरं न्हेताय? उलटं धरलंय की!"

उभा जन्म खोऱ्यानं उसाला पाणी देत दारं धरली. खोऱ्याचं पातं आपल्याकडं वळलेलं असतं, तसंच हे धरलं होतं. फिरवलं, तर हात हलका झाला. पण होडीचं नाक सारखं वळायचं, घडोघडी बाजू बदलावी लागायची. त्यात आडवा वारा. मग सरळ घेतलं. होडी ऐकायला लागली, पण खांदा ऐकेना. परत काठाला आलो. एकट्याचं काम उरलं नव्हतं.

रशीद उठला. तरंगायचं जाकीट चढवलं, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. "सरका म्होरं. सरळ वल्हं माज्याकडं द्या."

"अरे, भीती वाटते ना तुला?"

"वाटती की. म्हनून मागं बसतो. तुमाला दिसनार न्हाय."

पुढं मी वाकडं मारत होतो, मागं तो सरळ्यानं दिशा धरत होता. शाळेतली कविता मनात म्हणायची, ओळ संपली की बाजू बदलायची. तिसऱ्या कडव्यानंतर आठवेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

डोंगराच्या खुणेवरून म्हणालो, "हितंच." नुसतं पाणी. रशीदनं वल्हं उभं खाली घातलं. टक्क झालं.

"भिंत असंल," मी म्हणालो.

"दगुड असंल." मग पुन्हा एकदा टक्क करून, "भिंतच असंल, आबा."

घरी येऊन आठवडा झाला, खांदा अजून ठणकतोय. होडी दिली नाही. वाकडं वल्हं माझ्या दाराआड आहे. सरळ रशीदनं दुकानात टांगलंय. गिऱ्हाइकानं भाव विचारला, की म्हणतो, "ते इकायचं न्हाय. जोडीतलं हाय."