बिनगोल बरोबरीला शून्य

आमच्या फुटबॉल लीगचे सेक्रेटरी धंद्याने चष्मेवाले आणि स्वभावाने नको तिथे नाक खुपसणारे. सामने रटाळ होतात म्हणून त्यांनी फर्मान काढलं: बिनगोल बरोबरी झाली, तर दोन्ही संघांना शून्य गुण.

"अहो, जावई खेळतोय त्यात," बायकोने टोकलं.

"मग घालू दे की गोल!"

पहिल्याच सामन्यात गोल झाला नाही. शेवटची शिट्टी वाजली, प्रेक्षक पांगले, पण खेळाडू काही थांबेनात. अंधारू लागलं तसे सेक्रेटरी मैदानात धावले.

"जावईबापू, घरी चला! देतो एकेक गुण!"

"गोल झाल्यावर येतो," बावीसही जण एका आवाजात म्हणाले.

सेक्रेटरींनी स्वतःच चेंडू गोलात मारला. चेंडू आत गेला, पण जाळं हललंच नाही, गोल कुणी मानलाच नाही, आणि जावई पुन्हा धावू लागला.