खांबाशी जुळवलेली दुर्बीण

ताईचा हात गेला, असं रायफल क्लबात सगळे बोलायला लागले तेव्हा माझं डोकंच फिरलं. माझी थोरली बहीण चष्म्याच्या दुकानात काचा बसवते आणि सुट्टीच्या दिवशी रायफल चालवते. जवळच्या निशाण्यावर आजही तिची गोळी मधोमध. लांबच्या निशाण्यावर मात्र प्रत्येक गोळी वीतभर उजवीकडे. "चष्म्याच्या दुकानात राहून स्वतःलाच दिसेना होय?" म्हणत लोक दात काढायचे. शिकवणारे मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी तोंडावर सांगून टाकलं, "तुझा हात गेलाय. रविवारी लांबचं जमलं तर संघात, नाहीतर जागा दुसऱ्याला." त्या संघासाठी ती केस पिकेपर्यंत झटली होती. घरी येऊन धड जेवलीसुद्धा नाही.

"सोड ना आता तो नाद," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं की मी गुमान भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई तणतणत आली. नव्या चष्म्यानं गरगरतंय म्हणे. तिचा नंबर तिरका. तसली काच फ्रेममध्ये जरा जरी फिरली तरी नंबर बरोबर असून उपयोग शून्य. ताईनं काच सैल केली, किंचित फिरवली आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात तसाच धरून बसून राहिली. रायफलीवरची दुर्बीणही तशीच फिरली असेल तर? हात कापत असता तर गोळ्या इकडे तिकडे गेल्या असत्या. नेमक्या उजवीकडेच कशा जातील?

घरी येताच तिनं गच्चीच्या एका टोकाला दोरीला कुलूप बांधून टांगलं. दुसऱ्या टोकाला पाणसळ लावून रायफल जराही न कलता पक्की बसवली आणि दुर्बिणीतून पाहिलं. दोरी सरळ, पण दुर्बिणीतली उभी रेघ उजवीकडे कललेली. जवळ मारताना हे कळायचंच नाही. लांब मारायचं तर दुर्बिणीवरची चकती फिरवून गोळी वर उचलावी लागते, आणि ती उचलली जायची त्या कललेल्या रेघेवरून, म्हणजे वर आणि उजवीकडेही.

ही दुर्बीण नुकतीच बसवली होती ताईच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या भावोजींनी. रेघ कशाशी जुळवली, तर समोरच्या दिव्याच्या खांबाशी. त्या खांबाला मागे ट्रकनं धडक दिलेली, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"सरकारी खांब," भावोजी डोकं खाजवत म्हणाले. "मला वाटलं सरळच असणार." धन्य ते भावोजी. ताई मात्र पोट धरून हसली, मग दोघांनी मिळून दुर्बीण सैल केली आणि रेघ दोरीशी जुळवली.

रविवारी सकाळी तिनं आधी जवळच्या निशाण्यावर नेम पुन्हा मिळवून घेतला. मग लांबच्या मैदानात आडवी झाली. पहिली गोळी सुटली. मास्तरांनी आपल्या दुर्बिणीला डोळा लावला. दुसरी, तिसरी. शेवटच्या गोळीनंतर मास्तर उठले तेच हसत. सगळ्या गोळ्या मधल्या काळ्या गोलात, एकमेकींना खेटून. मला तिथंच रडू फुटलं, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

"संघात आलीस," मास्तर म्हणाले. "पण हाताला केलंस तरी काय?"

"हात तोच आहे," ताई कपड्यांची धूळ झटकत म्हणाली. "त्याच्याबद्दल बोललात ते आधी परत घ्या. हळूच नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

मास्तरांनी ते मैदानभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं परत घेतलं.